अकरा मतं आणि दोन फोटो: जॉर्जिया २००२ ची सिनेट निवडणूक

प्रचारात देशभक्तीचं हत्यार करतात हे आपण सगळे येता-जाता बोलतो, पण ते हत्यार घडतं कसं, म्हणजे कुठली साधी गोष्ट उचलली जाते, ती फिरवतात कशी, आणि समोरचा माणूस उत्तर द्यायला उभा राहिला तरी त्याचं उत्तर लोकांपर्यंत का पोचत नाही, हे सहसा कोणी बसून उलगडत नाही. म्हणून एकच प्रकरण घेतलंय आणि तेवढंच नीट बघायचंय. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली २००२ ची सिनेटची, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाची, निवडणूक. एका बाजूला डेमोक्रॅट मॅक्स क्लेलँड, व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि उजवा हात गमावलेले. दुसऱ्या बाजूला रिपब्लिकन सॅक्सबी चॅम्बलिस, जे त्या युद्धात गेलेच नव्हते, आधी कॉलेजच्या कारणाने आणि मग गुडघ्याच्या जुन्या दुखापतीमुळे त्यांना सूट मिळाली होती. आणि देशाच्या सुरक्षेच्या बाबतीत कच्चा कोण ठरला, तर क्लेलँड.

आधी माणूस समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचं सगळं नुसतं राजकारण वाटेल. क्लेलँड यांचा जन्म १९४२ चा, अटलांटाचा, वाढले जवळच्या लिथोनियामध्ये. आर्मीत कॅप्टन होते. एप्रिल १९६८ मध्ये खे सान्हचा वेढा उठवायला जी फौज निघाली तिच्यात ते होते, आणि ४ एप्रिलला रॉकेटचा मारा चालू असताना आडोसा सोडून जखमी साथीदारांच्या मदतीला गेले म्हणून त्यांना सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळालं. त्यानंतर चारच दिवसांनी, ८ एप्रिलला, रेडिओचं रिले स्टेशन उभारायला ते हेलिकॉप्टरने एका टेकडीवर उतरले. पंख्याखालून बाहेर आले आणि जमिनीवर एक ग्रेनेड पडलेला दिसला. वाटलं आपल्याच कमरेचा सुटला, म्हणून उचलायला हात पुढे केला आणि तो फुटला. वय २५. पुढची तीस वर्षं ते हेच धरून चालले की चूक माझी होती, माझ्याच ग्रेनेडने मला असं केलं. १९९९ मध्ये त्या दिवशी तिथे हजर असलेल्या एका मरीनने त्यांना गाठून सांगितलं की अहो तो तुमचा नव्हताच, नवख्या एका सैनिकाचा होता.

त्यानंतर जॉर्जियाच्या राज्य सिनेटमध्ये निवडून आले, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७७ मध्ये माजी सैनिकांच्या खात्याचं प्रमुख केलं तेव्हा ते ३४ वर्षांचे होते, मग राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, आणि १९९६ मध्ये अगदी थोड्या फरकाने अमेरिकेच्या सिनेटवर. हे कुठल्याही अर्थाने टोकाचे डेमोक्रॅट नव्हते. २००१ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या करकपातीच्या बाजूने ज्या १२ डेमोक्रॅट सिनेटर्सनी मत दिलं त्यात हे होते. पॅट्रियट ॲक्ट, म्हणजे दहशतवादाच्या तपासासाठी सरकारचे अधिकार वाढवणारा कायदा, सिनेटमध्ये ९८ विरुद्ध १ ने पास झाला, तो एक हे नव्हते. आणि ऑक्टोबर २००२ मध्ये इराक युद्धाची परवानगी देणारा ठराव ७७ विरुद्ध २३ ने मंजूर झाला त्यातही यांचं मत बाजूने होतं, त्या मताबद्दल पुढे त्यांनी उघडपणे पश्चात्ताप व्यक्त केला तो भाग वेगळा. म्हणजे सुरक्षेच्या मोठ्या, ठळक, सगळ्यांना समजणाऱ्या प्रत्येक मतदानात हा माणूस राष्ट्राध्यक्षांबरोबर उभा होता. तरी त्याच्यावर बालंट आलं, आणि ते कुठून आलं ते बघण्यासारखं आहे.

भांडण मुळात कशावरून होतं

११ सप्टेंबर २००१ नंतर देशांतर्गत सुरक्षेसाठी एक वेगळं मंत्रालय करावं ही कल्पना आधी मांडली ती सिनेटमध्ये, त्याच ऑक्टोबरमध्ये, डेमोक्रॅट जो लिबरमन यांनी, रिपब्लिकन आर्लेन स्पेक्टर यांना बरोबर घेऊन. बुश प्रशासनाचा तेव्हा या मंत्रालयाला विरोध होता, त्यांनी व्हाइट हाऊसमध्येच टॉम रिज यांच्या हाताखाली एक कार्यालय काढलं आणि तेवढं पुरे असं म्हणाले. मे २००२ मध्ये लिबरमन यांच्या समितीने मंत्रालयाचं विधेयक मंजूर केलं तेव्हा समितीतले रिपब्लिकन सदस्य विरोधात गेले. क्लेलँड त्या समितीवर होते आणि ते विधेयकाच्या बाजूचे होते. ६ जून २००२ ला बुश यांनी टीव्हीवरून देशाला सांगितलं की आता असं मंत्रालय हवंच. ठीक आहे, मत बदलायला कोणाची हरकत नाही. पण हा महिना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मंत्रालय हवं यावर आता दोन्ही पक्षांचं एकमत झालं. २२ यंत्रणा एकत्र येणार, सुमारे १,७०,००० कर्मचारी एका छताखाली जाणार. भांडण उरलं ते या कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या नियमांवर. सीमेवर कागद तपासणारे, कस्टमवाले, इमिग्रेशनवाले, यांच्यातल्या हजारो लोकांच्या युनियन होत्या. बुश यांचं म्हणणं, बदली, बढती, शिस्त, पगार यात प्रशासनाला मोकळा हात हवा आणि सुरक्षेच्या कारणाने युनियनचा हक्क काढून घेता यायला हवा. डेमोक्रॅट्सचं म्हणणं, मंत्रालय करा पण या लोकांचं आधीपासूनचं संरक्षण काढू नका, आणि युनियनचा हक्क काढायचाच असेल तर त्या माणसाचं काम खरंच बदललंय हे दाखवा. दोन्ही बाजूंना थोडाफार मुद्दा आहे. कामगार कायद्यावरचं असलं भांडण कुठल्याही देशाच्या संसदेत होऊ शकतं आणि कोणी कोणाला देशद्रोही म्हणायचं त्यात काही कारण नाही.

सिनेटमध्ये २००२ च्या उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत हे घोळत राहिलं. चर्चा थांबवून मतदानाला जायचं का, ही दुरुस्ती बाजूला ठेवायची का, असली एकामागून एक तांत्रिक मतदानं. क्लेलँड त्यात आपल्या पक्षाबरोबर राहिले. आणि त्यांची अडचण वाढवणारी अजून एक गोष्ट म्हणजे जॉर्जियाचेच दुसरे सिनेटर, झेल मिलर, तेही डेमोक्रॅटच, पण त्यांनी टेक्ससच्या फिल ग्रॅम यांच्याबरोबर बुश यांना हवा तसा मसुदा मांडला. म्हणजे विरोधकांना आयतं सांगता आलं की बघा, त्याच राज्यातला, त्याच पक्षाचा माणूस राष्ट्राध्यक्षांबरोबर आहे आणि हे नाहीत.

वरून वारा कुठला होता

हे सगळं एका राज्यात अचानक उगवलं नाही. जानेवारी २००२ मध्येच बुश यांचे सल्लागार कार्ल रोव्ह यांनी पक्षाच्या बैठकीत उघड सांगितलं होतं की देशाचं संरक्षण रिपब्लिकन पक्ष जास्त चांगलं करेल असा लोकांना विश्वास आहे, तेव्हा आपण हा मुद्दा घेऊन लोकांपुढे जाऊ शकतो. सिनेटमध्ये तेव्हा डेमोक्रॅट्सना जेमतेम एका जागेची आघाडी होती, त्यामुळे एकेक जागा सोन्याची. २३ सप्टेंबरला न्यू जर्सीतल्या ट्रेन्टनमध्ये बुश बोलताना म्हणाले की सिनेटला अमेरिकन जनतेच्या सुरक्षेत रस नाही, तिला हितसंबंधी गटांमध्ये जास्त रस आहे. दोन दिवसांनी डेमोक्रॅट्सचे नेते टॉम डॅशल सिनेटच्या सभागृहात अक्षरशः थरथरत बोलले, दुसऱ्या महायुद्धात हात गमावलेल्या डॅनियल इनोये यांचं नाव घेऊन म्हणाले की त्यांना जाऊन सांगा की यांना देशाच्या सुरक्षेत रस नाही. राष्ट्राध्यक्षच असं बोलतात म्हटल्यावर खालच्या उमेदवारांना वेगळी परवानगी घ्यायची गरज उरत नाही.

चॅम्बलिस यांनी त्याआधीच एक प्रयोग करून बघितला होता. १९९७ मधल्या रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या वेळचं क्लेलँड यांचं एक मत उकरून काढलं आणि म्हटलं की यांनी देशाच्या रक्षणाची शपथ मोडली. शपथ मोडली हा शब्दप्रयोग साधा नाही, सैनिकासाठी तर नाहीच. गंमत वाटावी असं काही यात नाही पण नोंद करायला हवी, की तसंच मत त्या वेळी बिल फ्रिस्ट यांनीही दिलं होतं, आणि २००२ मध्ये हेच फ्रिस्ट रिपब्लिकन पक्षाच्या सिनेट प्रचार समितीचे प्रमुख होते. म्हणजे तेच मत एका माणसाच्या बाबतीत शपथभंग आणि दुसऱ्याच्या बाबतीत काहीच नाही. माझ्या मते तिथेच हा डाव ओळखता यायला हवा होता. पण तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानांपुरता राहिला.

ती जाहिरात

ऑक्टोबरमध्ये टीव्हीवर तीस सेकंदांची ॲड आली. सुरुवातीला स्क्रीनचे चौकोन केलेले, त्यात सैन्याची दृश्यं आणि त्यांच्या शेजारी ओसामा बिन लादेन आणि सद्दाम हुसेन. आवाज सांगतो की अमेरिका दहशतवादी आणि हुकूमशहांना तोंड देत असताना मॅक्स क्लेलँड आपल्याकडे नेतृत्वाचं धाडस असल्याच्या जाहिराती करतायत. मग क्लेलँड यांचा चेहरा. मग मुद्दा, की ते म्हणतात मी राष्ट्राध्यक्षांना साथ देतो, पण जुलैपासून त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या देशसुरक्षेच्या प्रयत्नांविरुद्ध ११ वेळा मत दिलंय. आणि शेवटी, हा माणूस दिशाभूल करतोय.

पुढे लोकांच्या आठवणीत असं बसलं की ॲडमध्ये क्लेलँड यांचा चेहरा वितळून लादेनचा होतो. तसं नव्हतं, फोटो वेगवेगळे होते. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ॲडच्या समर्थकांनी पुढची कित्येक वर्षं हीच पळवाट वापरली: आम्ही त्यांची लादेनशी तुलना केलीच नाही, आम्ही त्यांच्या देशभक्तीबद्दल एक शब्द काढला नाही, आम्ही फक्त मतदानाचा रेकॉर्ड दाखवला. शब्दांपुरतं बघितलं तर ते खोटं नाही. ॲडमध्ये कुठेही देशद्रोही हा शब्द नाही. त्याची गरजच नाही, दोन चेहरे आणि एक आकडा शेजारी ठेवले की बाकीचं वाक्य बघणारा स्वतःच पूर्ण करतो, आणि स्वतः पूर्ण केलेलं वाक्य माणसाला आपलंच मत वाटतं, कोणी शिकवलेलं वाटत नाही.

आता तो आकडा बघू. अकरा. कशाविरुद्ध अकरा, ते ॲड सांगत नाही. एकाच विधेयकावरच्या, एकाच कामगार-नियमांच्या वादातल्या वेगवेगळ्या तांत्रिक मतदानांची ती बेरीज होती. एका भांडणाचे तुकडे करून ते मोजले की एक मतभेद अकरा गुन्ह्यांसारखा दिसायला लागतो. आणि ऐकणाऱ्याला काय वाटतं, की अकरा वेगवेगळ्या वेळी, अकरा वेगवेगळ्या सुरक्षेच्या योजना आल्या आणि या माणसाने प्रत्येक वेळी नाही म्हटलं. त्यापेक्षा बारीक गोष्ट म्हणजे तो जुलै. मोजणी जुलैपासून का? कारण मेमध्ये हेच मंत्रालय समितीत आलं तेव्हा क्लेलँड बाजूने आणि रिपब्लिकन विरोधात होते. जूनच्या आधी गेलात तर सुरक्षा मंत्रालयाला विरोध करणारा पक्ष वेगळाच निघतो. सुरुवातीची तारीख कुठली घ्यायची एवढ्यानेच अर्धं काम झालं.

माझं या सगळ्या प्रकरणाबद्दल मुख्य म्हणणं हेच आहे. सगळी चर्चा झाली ती फोटोंवर, पण घाव घातला तो आकड्याने. फोटो संताप आणण्यासाठी होते आणि संताप आला, आणि संतापलेल्या लोकांनी फोटोंवरच बोलत राहून आकडा तसाच सोडून दिला.

उत्तर का पोचलं नाही

संताप मोठा होता आणि तो विरोधकांमधूनही आला. रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन, जे स्वतः व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षं युद्धकैदी होते, त्यांनी रणांगणावर तीन अवयव ठेवून आलेल्या माणसाच्या शेजारी लादेन आणि सद्दामचे फोटो लावणं हे लाजिरवाण्याच्याही पलीकडचं, धिक्कार करण्यासारखं आहे असं म्हटलं. नेब्रास्काचे रिपब्लिकन सिनेटर चक हेगल, तेही व्हिएतनाममध्ये लढलेले, तेही चिडले. आपल्याच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध, असं बोलायला हिंमत लागते आणि त्याचं श्रेय या दोघांना द्यायलाच हवं.

पण परिणाम काय झाला बघा. बातमी झाली, मग बातमीत ॲड परत परत दाखवली गेली, पैसे न देता. आणि प्रत्येक वेळी तो अकराचा आकडा पण ऐकू गेला. क्लेलँड यांच्या बाजूने पहिलं, नैसर्गिक उत्तर आलं ते हे की या माणसाने देशासाठी काय दिलंय ते बघा. भावनेने अगदी बरोबर. पण आरोप १९६८ बद्दल नव्हताच. आरोप होता गेल्या चार महिन्यांबद्दल. समोरचा म्हणतो, हो हो, त्यांच्या सेवेबद्दल आम्हाला पूर्ण आदर आहे, पण त्या अकरा मतांचं काय? आणि इथे अडकायला होतं. कारण त्या अकरा मतांचं खरं उत्तर द्यायचं तर समितीतलं विधेयक, युनियनचे हक्क, चर्चा थांबवायचे नियम, मे आणि जूनचा फरक, हे सगळं सांगावं लागतं, आणि तीस सेकंदांच्या आरोपाला पाच मिनिटांचं उत्तर टीव्हीवर कोणी ऐकत नाही. त्यातून युनियन हा शब्द काढला की जॉर्जियासारख्या राज्यात, जिथे युनियन आधीच कमजोर आहेत, अजून नुकसान.

मग दुसरा मार्ग, चॅम्बलिस स्वतः युद्धात गेले नव्हते हे सांगणं. तेही झालं. त्यानेही फार काही हललं नाही, कारण तोपर्यंत देशभक्तीची मोजपट्टीच बदलली होती. तुम्ही देशासाठी काय केलंत हा प्रश्न मागे पडला आणि तुम्ही राष्ट्राध्यक्षांबरोबर आहात का हा प्रश्न पुढे आला. या दुसऱ्या मोजपट्टीवर युद्धात न गेलेला माणूस पूर्ण मार्क घेऊ शकतो आणि तीन अवयव गमावलेला नापास होऊ शकतो. युद्धांत लढलेल्या सैनिकांची जी मोठी संघटना आहे, व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स, तिच्या राजकीय समितीने पाठिंबा दिला तो चॅम्बलिस यांना. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

आणि क्लेलँड यांनी स्वतःही तीच मोजपट्टी मान्य केली होती हे सांगायला हवं, नाहीतर हे लिखाण एकतर्फी होईल. त्यांच्या स्वतःच्या प्रचारात ते राष्ट्राध्यक्षांना साथ देतात हे ठळकपणे सांगितलं जात होतं, ॲडमध्ये नेमकं तेच वाक्य पकडलंय. बुश लोकप्रिय, राज्य बुश यांचं, त्यामुळे त्यांच्या टीमने हा सुरक्षित रस्ता धरला असणार. पण आपण स्वतःच म्हणायचं की राष्ट्राध्यक्षांबरोबर असणं हीच कसोटी, आणि मग एका विधेयकावर वेगळं मत घ्यायचं, म्हटल्यावर समोरच्याला फक्त फरक मोजून दाखवायचा उरतो. सुरुवातीपासून ताठपणे सांगितलं असतं की मंत्रालय आम्हीच आधी मागितलं, आणि या या कारणासाठी या कलमाला माझा विरोध आहे, तर जिंकले असते का माहीत नाही पण लढाई वेगळ्या जागी झाली असती.

एका ॲडने निवडणूक गेली का

नाही, एवढं सोपं नाही. ५ नोव्हेंबर २००२ ला चॅम्बलिस ५२.७ टक्के आणि क्लेलँड ४५.९ टक्के असा निकाल लागला. जवळजवळ सात टक्क्यांचा फरक, आणि उन्हाळ्यात तर क्लेलँड चांगले पुढे होते. पण त्याच दिवशी डेमोक्रॅट गव्हर्नर रॉय बार्न्स पण पडले, ४६.३ टक्के मतं घेऊन, आणि सनी पर्ड्यू हे अमेरिकन यादवीनंतरच्या पुनर्रचनेच्या काळापासूनचे जॉर्जियाचे पहिले रिपब्लिकन गव्हर्नर झाले. त्याचं मोठं कारण राज्याचा झेंडा. १९५६ पासून त्या झेंड्यावर यादवीतल्या दक्षिणेच्या फौजेचं निशाण होतं, बार्न्स यांनी २००१ मध्ये झेंडा बदलून ते अगदी छोटं केलं, आणि ग्रामीण भागातले गोरे मतदार त्यावरून पेटून मतदानाला उतरले. शिवाय राल्फ रीड यांच्या हातात रिपब्लिकन पक्षाची राज्यातली सूत्रं होती आणि शेवटच्या तीन दिवसांत घराघरात जाऊन मतदार बाहेर काढायची यंत्रणा त्यांनी जबरदस्त चालवली. बुश पण प्रचाराला येऊन गेले.

म्हणजे क्लेलँड यांना अनेक बाजूंनी फटका बसला. पण त्याच दिवशी, त्याच मतदारांनी, लेफ्टनंट गव्हर्नर मार्क टेलर, सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅथी कॉक्स आणि ॲटर्नी जनरल थर्बर्ट बेकर या तिघा डेमोक्रॅट्सना परत निवडून दिलं. लाट सगळ्यांना घेऊन गेली नाही. झेंडा बदलणारा गव्हर्नर गेला आणि झेंड्याशी काही संबंध नसलेले क्लेलँड त्याच्यापेक्षाही किंचित कमी मतांवर थांबले. ॲडचा वाटा नेमका किती हे काढता येणार नाही, पण सुरक्षेच्या हल्ल्याचा काहीच परिणाम झाला नाही असं म्हणणारे या तीन नावांबद्दल काही बोलत नाहीत.

एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो तो असा की मग सुरक्षेवरच्या मतांबद्दल बोलायचंच नाही का, सैनिक असला म्हणून त्याला सगळं माफ का. नाही, अजिबात नाही. चॅम्बलिस यांनी सांगायला हवं होतं की कर्मचाऱ्यांना हलवायची मोकळीक नसेल तर हे मंत्रालय चालणार नाही आणि क्लेलँड ती मोकळीक द्यायला तयार नाहीत, म्हणून मला निवडा. कडक आहे, थेट आहे, आणि पूर्ण रास्त आहे. मतदाराला त्यावर विचार करता येतो. मत कशावर होतं तेच लपवायचं आणि त्या रिकाम्या जागेत शत्रूचा चेहरा ठेवायचा, इथे माझा आक्षेप सुरू होतो. १९८८ मध्ये डेमोक्रॅट्सचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मायकेल डुकाकिस यांच्या बाबतीत हेच झालं होतं, त्यांनी १९७७ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना शिक्षकांना वर्गात राष्ट्रनिष्ठेची शपथ सक्तीने म्हणवून घ्यायला लावणाऱ्या विधेयकावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला ऐकून नकाराधिकार वापरला, आणि अकरा वर्षांनी प्रचारात राहिलं एवढंच की हा माणूस शपथेच्या विरोधात आहे.

नंतर काय झालं

निवडणुकीनंतर दोन आठवड्यांत, १९ नोव्हेंबरला, सिनेटने सुरक्षा मंत्रालयाचा कायदा ९० विरुद्ध ९ ने पास केला, कर्मचाऱ्यांच्या बाबतीत बऱ्यापैकी बुश यांना हवा तसा. जे उन्हाळ्यापासून अडलं होतं ते निकाल बघून पंधरा दिवसांत सुटलं. विरोधात मत देणाऱ्या नऊ जणांत क्लेलँड नव्हते. ॲडचा निशाणा एक माणूस होता पण धडा उरलेल्या सगळ्यांनी घेतला, आणि प्रचाराच्या असल्या हत्याराचा खरा उपयोग मला तिथे दिसतो. पडलेला एक सिनेटर ही फार तर एक जागा, पण पुढच्या मतदानाच्या वेळी बाकीचे डझनभर लोक मनात ती ॲड चालवून बघतात आणि मग हात वर करतात.

क्लेलँड यांना त्या पराभवाने मोडून टाकलं. खोल नैराश्य आलं, युद्धाच्या जुन्या जखमा मनात परत उघडल्या, उपचारांसाठी ते परत सैन्याच्या वॉल्टर रीड हॉस्पिटलमध्ये गेले, जिथे १९६८ मध्ये पण राहिले होते. काही काळ ९/११ च्या चौकशी आयोगावर होते. २००४ मध्ये डेमोक्रॅट्सचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी यांच्या व्हिएतनाममधल्या सेवेवर तसल्याच जाहिराती सुरू झाल्या तेव्हा ऑगस्टमध्ये व्हीलचेअरवरून थेट टेक्ससमधल्या क्रॉफर्डला, बुश यांच्या रँचच्या दारापर्यंत निषेधाचं पत्र घेऊन गेले, ते पत्र तिथे स्वीकारलं गेलं नाही. त्याच वर्षी त्यांच्या जखमा शत्रूच्या हल्ल्यातल्या नव्हत्याच, म्हणून त्यांचं एवढं कौतुक कशाला, असंही लिहून झालं. ग्रेनेडबद्दलचं सत्य एव्हाना पाच वर्षं जाहीर होतं. ओबामा यांच्या काळात परदेशातल्या अमेरिकन सैनिकांच्या स्मशानभूमी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या आयोगाचे ते सचिव होते. ९ नोव्हेंबर २०२१ ला अटलांटात गेले, वय ७९. चॅम्बलिस २००८ मध्ये परत निवडून आले, जानेवारी २०१५ पर्यंत सिनेटमध्ये होते. ॲड बनवणाऱ्या टीममधले रिक विल्सन पुढे ट्रम्प यांच्या विरोधात गेलेल्या रिपब्लिकन प्रचारकांच्या लिंकन प्रोजेक्टचे सहसंस्थापक झाले.

आणि ज्या कलमांवरून अकराचा आकडा तयार झाला त्यांचं काय? नव्या मंत्रालयाने त्या मोकळिकीच्या आधारे कर्मचाऱ्यांचे नवे नियम केले. युनियन कोर्टात गेल्या. ऑगस्ट २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या फेडरल न्यायाधीश रोझमेरी कॉलियर यांनी त्यातले मुख्य भाग अडवले, म्हणाल्या की सामूहिक वाटाघाटीचा हक्क राखला जाईल असं कायद्यात लिहिलंय आणि या नियमांत तो राहत नाही. २००६ मध्ये अपील कोर्टानेही युनियनच्याच बाजूने निकाल दिला. पुढे मंत्रालयाने ती योजनाच सोडून दिली. सीमेवरच्या आणि विमानतळांवरच्या कस्टम अधिकाऱ्यांची युनियन आजही आहे, आणि ते त्यांचं काम करतायत.